दूध काढणं वेगळं, रडणं वेगळं: ११ आठवड्यांच्या बाळाची एक केस

बाळ ११ आठवड्यांचं, मुलगी. तक्रार एका दमात सांगितलेली: दूध टिकत नाही, सारखी रडते, ॲसिडिटीचं औषध चालू आहे तरी फरक नाही, डोस वाढवायचा का? म्हणजे आईबाबा निदान घेऊनच आले होते, प्रश्न फक्त डोसचा होता. ही केस इतकी कॉमन आहे की त्यात लिहिण्यासारखं काय असं वाटेल, पण इथे जी गल्लत होते ती सगळीकडे अगदी सेम होते म्हणून ही एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतेय. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन ३ किलो. पहिले तीनेक आठवडे फक्त अंगावर, मग दूध पुरत नाही असं वाटून फॉर्म्युला सुरू झाला आणि पाचव्या आठवड्यापर्यंत दिवसभर बाटली, रात्री अंगावर असं गाडं रुळलं. दूध काढणं, म्हणजे प्यायलेलं दूध तोंडातून परत बाहेर टाकणं, तिसऱ्या आठवड्यापासून, रडणं चौथ्यापासून. सहाव्या आठवड्यात रडणं असह्य झालं तेव्हा एके ठिकाणी ओमेप्राझोल हे ॲसिड कमी करणारं औषध सुरू झालं, आठवड्याभराने उलटीसाठी डॉमपेरिडॉनचे थेंब आले, गॅससाठी सिमेथिकोन आधीपासून होतंच. मधे चार-पाच दिवस बरे गेले, आईच्या मते औषधाचा गुण आला होता, मग परत तेच सुरू झालं म्हणून डोस वाढवला, तरी तेच. मग कुणी सांगितलं म्हणून बाटलीत सीरियलची पावडर घालून दूध घट्ट करणं सुरू झालं, घट्ट दूध निपलमधून येईना म्हणून निपलचं भोक मोठं केलं आणि झोपताना डोक्याखाली उशी आली. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी काळजीपोटीच सुचवलेली, फक्त मागची एकही बंद न करता पुढची जोडत गेलेली. ११ आठवड्यांच्या पोरीला तीन औषधं, घट्ट दूध आणि उशी!

सोबत एक सोनोग्राफीचा रिपोर्टही होता, ‘तपासणीदरम्यान तीन वेळा रिफ्लक्स दिसला’ असं लिहिलेला, आणि बाबांनी ती ओळ मार्करने पिवळी केली होती. आता या वयाच्या कुठल्याही धडधाकट बाळाच्या पोटावर दूध पिल्यावर प्रोब ठेवून बघत बसलं तर रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं दूध अन्ननलिकेत वर येणं, दिसणारच. युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१८ मध्ये ज्या गाइडलाइन्स काढल्या त्यात रिफ्लक्सचा आजार ठरवायला सोनोग्राफी वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेचंही तेच, ते अन्ननलिका-जठराची रचना नीट आहे का हे बघायला, आजार आहे की नाही ठरवायला नाही.

इथे थोडं थांबून रिफ्लक्स म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते, ती मोठ्या माणसांतही अधूनमधून क्षणभर सैल पडते, पोटातली हवा ढेकर होऊन वर येते ती त्याच वाटेने. बाळाच्या बाबतीत अन्ननलिका जन्मतः जेमतेम ८-१० सेंटीमीटर, आहार पूर्ण पातळ, वजनाच्या मानाने दुधाचं प्रमाण प्रचंड, आणि मुक्काम दिवसातले बहुतेक तास आडवा. सैल झाकणाची काठोकाठ भरलेली बाटली आडवी ठेवली तर जे होईल तेच होतं. यात झडप ‘खराब’ नसते, ॲसिड ‘जास्त’ नसतं. १९९७ मध्ये अमेरिकेत साडेनऊशेच्या आसपास बाळांच्या पालकांना विचारून केलेल्या एका पाहणीत पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळं दिवसातून निदान एकदा तरी दूध काढत होती, चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं आणि १० ते १२ महिन्यांच्या बाळांत ५ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे बाळ तीन महिन्यांचं होत आलं आणि दूध काढणं वाढतंय, तर ते कॅलेंडरप्रमाणे चाललंय. आजार म्हणायचं कधी, तर या रिफ्लक्समुळे काहीतरी बिघडतंय तेव्हा: वजन वाढत नाही, अन्ननलिकेला सूज येऊन रक्त पडतंय, दूध फुफ्फुसात जातंय वगैरे.

तर मग बिघडलंय काय हे बघायला वजन केलं. ६.२ किलो. जन्मापासून ७७ दिवसांत ३.२ किलो, म्हणजे रोजचे ४० ग्रॅमच्या वर, आणि या वयात रोजचे २० ते ३० ग्रॅम वाढले तरी आम्ही खूश असतो. ग्रोथ चार्टवर रेघ खाली येत नव्हती, उलट वरच्या रेघा ओलांडत चालली होती, डोक्याचा घेर मात्र आपल्या रेघेवर शांतपणे चाललेला. मी चार्ट दाखवला तर आई म्हणाली, ‘अहो पण डॉक्टर, सगळं तर बाहेर काढते ही.’ सगळं बाहेर येत असतं तर हे तीन किलो कुठून आले असते? कपड्यावर पडलेलं दूध नेहमी जास्तच वाटतं, शंका असेल तर घरी एक चमचा दूध दुपट्यावर सांडून बघा किती मोठा डाग पडतो ते.

मग हिशोब केला. दिवसाला सात बाटल्या, रडारड जास्त असली की आठ, प्रत्येक १५० मिलिलिटरची. म्हणजे १०५० ते १२००, वजनाने भागलं तर किलोमागे १७० ते १९० च्या घरात, आणि रात्रीचं अंगावरचं वेगळं, पावडरच्या कॅलरी वेगळ्या. या वयात ढोबळ हिशोब किलोमागे दिवसाला १५० चा असतो.

पुढची बाटली मी त्यांना माझ्यासमोरच पाजायला सांगितली, आणि माझ्या मते या केसमधली सगळ्यात उपयोगी तपासणी तीच. बाळ जवळजवळ आडवं, बाटली उभी धरलेली, पहिल्या मिनिटाला घटाघट गिळण्याचा आवाज, ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळतंय, हाताची बोटं ताणून पसरलेली, कपाळावर आठ्या. अर्धी बाटली संपल्यावर तिने मान फिरवली. बाबांनी निपल तोंडात हलवलं, परत चार घोट. परत मान फिरवली, या वेळी पाठ ताणून मागे गेली आणि कुरकुरली. ‘बघा, हेच, जळजळ होते म्हणून पीत नाही,’ आई म्हणाली. मग थोडं थोपटून, थोडं हलवून उरलेलं दिलं गेलं, १५० मिलिलिटर पाच-सहा मिनिटांत खल्लास. ढेकर काढायला खांद्यावर घेतलं तशी मोठी गुळणी, आणि गंमत म्हणजे गुळणी टाकताना आणि त्यानंतर दोन मिनिटं ती अगदी मजेत होती, इकडेतिकडे बघत होती. रडणं सुरू झालं ते नंतर, आणि तेव्हा आईचा हात आपोआप बाटलीकडे गेला, कारण रडतेय म्हणजे आत्ताचं सगळं निघून गेलं आणि परत भूक लागली.

मान फिरवणं म्हणजे ‘बास’. बाळाला दुसरं काही बोलता येत नाही. त्याला जळजळ हे नाव दिलं की पोट भरलेल्या बाळाला आणखी पाजलं जातं, मग ते ताणलेल्या पोटातून वर येतं, मग जळजळीचा पुरावा पक्का होतो.

तपासणीत काय बघितलं ते पटकन सांगते. टाळू सपाट, फुगलेली नाही, ताप नाही, पोट मऊ, कुठे गोळा नाही, हर्निया नाही, कान ठीक, हातापायाच्या बोटांना केस गुंडाळून आवळलेला नाही (रडणाऱ्या बाळात हे बघायचंच असतं, मोजे काढून), अंगावर एक्झिमा (खाजरी पुरळ) नाही, शी नॉर्मल, रक्त नाही चिकट नाही. लघवीची एक तपासणी केली, कारण या वयात लघवीचं इन्फेक्शन नुसत्या उलट्या आणि किरकिरीच्या रूपात येऊ शकतं, ती क्लीन आली. पायलोरिक स्टेनोसिस, म्हणजे जठराच्या बाहेर पडायच्या तोंडाशी स्नायू जाड होणं, याचा विचार प्रत्येक ओकणाऱ्या लहान बाळात यायलाच हवा, पण ती गोष्ट साधारण ३ ते ६ आठवड्यांत सुरू होते, उलटी लांब फेकली जाते, बाळ उलटीनंतर लगेच भुकेलं असतं आणि वजन घटतं. इथे दूध ओघळत होतं आणि वजन धावत होतं. दोन वेगळी चित्रं.

बाबांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला ज्यात ती पाठीची कमान करून मान एका बाजूला वळवते, आणि त्यांनी नेटवर सॅन्डिफर सिंड्रोम वाचलं होतं. ते असतं खरं. १९६४ मध्ये मार्सेल किन्सबोर्न या डॉक्टरांनी मानेचे असे झटके आणि वळणं हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असलेल्या मुलांत वर्णन केली, आपल्या वरिष्ठांचं नाव त्याला मिळालं. पण ते दुर्मिळ आहे, आणि रडताना पाठ ताणणं जवळजवळ प्रत्येक बाळ करतं. मी व्हिडिओ दुसऱ्याच कारणासाठी नीट बघितला. झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक झटके देतंय, दर काही सेकंदांनी हात-मान आत ओढतंय, असं असेल तर तो इन्फन्टाइल स्पाझमचा फिटचा प्रकार असू शकतो, आणि तो पोटाचा प्रॉब्लेम समजून आठवडे वाया गेलेली मुलं असतात. असं काही दिसलं तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी दाखवायचा. इथे ते नव्हतं, पाजताना आणि रडताना एकदा लांब ताणणं, संपलं.

आता मुख्य मुद्दा. मी त्यांना औषधात काहीही बदल न करता चार दिवस एक डायरी ठेवायला सांगितली, तीन रकाने, पाजलं कधी आणि किती, दूध काढलं कधी, रडली कधी आणि किती वेळ. आईला हे काम नको होतं, साहजिक आहे, झोप नाही आणि वर गृहपाठ. आजीने लिहिली. ती डायरी मी अजून इतरांना समजावताना डोळ्यासमोर ठेवते. दूध काढण्याच्या नोंदी दिवसभर सगळीकडे, दिवसाला १०-१२, सकाळच्या पहिल्या मोठ्या बाटलीनंतर सगळ्यात जास्त. आणि सकाळी रडण्याचा रकाना जवळजवळ रिकामा! रडणं सगळं संध्याकाळी साडेपाचनंतर ते रात्री दहापर्यंत, त्या वेळात दूध काढणं उलट कमी. दोन तक्रारी दोन वेगळ्या वेळांना. ॲसिड वर येऊन अन्ननलिका जळते म्हणून बाळ रडतं असं असेल तर हे दोन रकाने कुठेतरी एकमेकांना भेटायला हवेत, ते भेटतच नव्हते.

संध्याकाळचं हे रडणं म्हणजे आपण ज्याला कॉलिक म्हणतो ते. ते साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, बहुतेक बाळांत कारण सापडत नाही. २०१७ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीत पहिल्या सहा आठवड्यांत बाळं दिवसाला साधारण दोन तास रडतात किंवा कुरकुरतात आणि १०-१२ आठवड्यांपर्यंत ते सव्वा तासाच्या आत येतं. म्हणजे बघा काय होतं: आईबाबा हैराण होऊन डॉक्टरकडे जातात कधी, तर सहाव्या आठवड्यात, टोकावर असताना. तेव्हा जे काही सुरू कराल, औषध, थेंब, उशी, काहीही, त्यानंतर रडणं उतरणारच आहे, आणि श्रेय त्या गोष्टीला जाणार. मग एखादी वाईट संध्याकाळ आली की डोस कमी पडतोय असं वाटणार. ‘आधी फरक पडला होता’ या वाक्याचा उगम हा असतो, आई खोटं बोलत नसते.

पीपीआय म्हणजे ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल या ॲसिड कमी करणाऱ्या गटाबद्दल याची नीट परीक्षा झालेली आहे. २००३ मध्ये किरकिऱ्या बाळांना आलटून पालटून ओमेप्राझोल आणि खोटं औषध देऊन बघितलं, ओमेप्राझोलने ॲसिड खरंच कमी झालं आणि किरकिरीत काही फरक नाही, किरकिर दोन्हीकडे दिवसांबरोबर कमी होत गेली. २००९ मध्ये १६२ बाळांवर लॅन्सोप्राझोल चार आठवडे दिलं, औषध घेणाऱ्यांत ५४ टक्के सुधारले आणि खोटं औषध घेणाऱ्यांतही ५४ टक्केच, फक्त औषधवाल्या बाळांत गंभीर त्रास जास्त निघाले, विशेषतः छातीचं इन्फेक्शन. पोटातलं ॲसिड जंतू मारायचं काम करतं, ते बंद केलं की त्याची किंमत कुठेतरी द्यावी लागतेच. आणि मुळात दूध पिल्यानंतर तास-दोन तास पोटातलं ॲसिड दुधामुळे आधीच सौम्य झालेलं असतं, त्या वेळी वर येणारी गुळणी फारशी आंबट नसते, आणि पीपीआय दुधाचं प्रमाण तर कमी करत नाही, मग गुळण्या कमी होणार कशा?

डॉमपेरिडॉन मी डायरी बघितली त्याच दिवशी बंद केलं. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर, क्यूटी इंटरव्हलवर (ईसीजीत मोजतात ते एक अंतर) परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये जळजळ, पोटफुगी वगैरेसाठीचा वापर काढून फक्त मळमळ-उलटीपुरता ठेवा असं सांगितलं, आणि बाळाच्या गुळण्यांवर त्याचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. याच्या आधीचं सिसाप्राइड अशाच कारणाने २००० च्या आसपास बऱ्याच देशांत बाद झालं, तेही एके काळी बाळांना सर्रास द्यायचे. सिमेथिकोनबद्दल मी भांडले नाही, उपयोग खोट्या औषधाइतकाच आणि अपायही जवळपास नाही, हवं तर चालू ठेवा म्हटलं, पुढे बाटली संपल्यावर परत आणलीच नाही त्यांनी.

पीपीआय लगेच काढलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं हे कुणालाच कळत नाही आणि पहिल्या वाईट रात्री सगळं परत सुरू होतं. आधी दूध: १५० ऐवजी १२० ची बाटली, बाळ उभ्याकडे झुकलेलं, बाटली आडवी, कमी वेगाचं निपल, मधे थांबून श्वास घेऊ द्यायचा, आणि तिने मान फिरवली की बाटली बाजूला, तळाशी ३० मिलिलिटर उरलं तर उरू दे. सात बाटल्या आणि रात्रीचं अंगावरचं धरून हिशोब परत १५० च्या आसपास येत होता, म्हणजे उपाशी ठेवतोय अशातला भाग नाही. ओल्या लंगोटांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

पावडर बंद. घट्ट दुधाने दिसणाऱ्या गुळण्या कमी होतात हे खरं आहे, आणि वजन न वाढणाऱ्या, खूप गुळण्या टाकणाऱ्या बाळात डॉक्टरच्या देखरेखीखाली ते करतातही, पण आधीच जास्त पिणाऱ्या बाळाला वरून कॅलरी देण्यात काय अर्थ? अंगावरचं दूध काढून त्यात सीरियल घालणाऱ्यांसाठी जाता जाता, त्या दुधात अमायलेज असतं, ते स्टार्च फोडतं आणि घट्टपणा थोड्या वेळात पातळ होऊन जातो. आणि कुणीही सांगितलं तरी वर्षाच्या आत मध नाही, बॉट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) धोका असतो.

उशीवरून आजींशी जरा वाद झाला. डोकं वर असलं तर दूध वर येणार नाही आणि पाठीवर झोपलेलं बाळ ओकलं तर गुदमरेल, असं त्यांना वाटत होतं, आणि ऐकायला ते बरोबरही वाटतं. मी कागदावर चित्र काढलं. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढावं लागेल. पालथं झोपवलं की हेच उलटं होतं. उशी किंवा उतरत्या पाळण्याने रिफ्लक्स कमी होत नाही, बाळ घसरून मान पुढे पडून श्वासाची वाट दबू शकते. तेव्हा सपाट, टणक गादी, पाठीवर, प्रत्येक झोपेला, रिफ्लक्स असला तरी. पाजल्यावर २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धरा, ते जागेपणी. बेबी सीटमध्ये पोट दुमडून बसवलं तर गुळण्या वाढतातच.

बाबांचा आग्रह वेगळ्या फॉर्म्युल्याचा होता, गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर? प्रश्न योग्य होता. काही बाळांत ही ॲलर्जी हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसते, आणि दुधाचं प्रमाण-पद्धत सुधारूनही त्रास राहिला तर २ ते ४ आठवडे बारीक तोडलेल्या प्रोटीनचा फॉर्म्युला, किंवा अंगावर असेल तर आईने दुधाचे पदार्थ बंद करून बघणं हीच पुढची पायरी आहे, पीपीआयच्या आधीची. पण इथे शीमध्ये रक्त नाही, एक्झिमा नाही, वजन जोरात, म्हणून मी ते राखून ठेवलं. आणि ही ट्रायल करायची तर शेवटी साधं दूध परत देऊन लक्षणं परत येतात का हे बघायचंच, लोक ते टाळतात कारण बाळ बरं असतं, आणि मग ॲलर्जीचा शिक्का विनाकारण वर्षभर राहतो.

आईला बाजूला घेऊन झोप, भूक, मनःस्थिती विचारली. ती रडली. ‘माझंच दूध बाधतं असं सगळे म्हणतात.’ बाधत नव्हतं. रडणं हाताबाहेर गेलं आणि आपलाच तोल जातोय असं वाटलं तर बाळाला सुरक्षित पाठीवर ठेवून दार ओढून घ्या, दहा मिनिटं बाहेर थांबा, रडण्याने बाळाला काही होत नाही, हलवण्याने, गदगदा हलवण्याने होतं. हे बाबांनाही परत सांगितलं. यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन आठवड्यांनी गुळण्या दिवसाला चार-पाचवर आल्या होत्या. संध्याकाळचं रडणं मात्र जवळपास तसंच, दोनेक तास, आणि आईबाबा नाराज होते, साहजिकच, त्यांना त्रास गुळण्यांचा नव्हताच, रडण्याचा होता. पण माझ्या दृष्टीने हाच निकाल होता, एक तक्रार निम्म्याहून कमी झाली आणि दुसरी जागची हलली नाही. तेव्हा पीपीआय काढायला घेतलं, आठवडाभर अर्धा डोस, मग बंद. बंद केल्यावर तीन दिवस वाईट जाऊ शकतात हे आधीच सांगून ठेवलं होतं. निरोगी मोठ्या माणसांना काही आठवडे पीपीआय देऊन थांबवलं तर त्यांनाही नव्याने जळजळ होते, कारण दाबून ठेवलेलं ॲसिड काही दिवस जोरात उसळतं. म्हणजे औषध थांबवल्यावरचा त्रास हा औषधाची गरज होती याचा पुरावा नाही. तीन दिवस खरंच वाईट गेले, चौथ्या दिवशी आईचा फोन, ‘सुरू करू का परत?’ आठवडा थांबा म्हटलं. १५ आठवड्यांच्या व्हिजिटला संध्याकाळचं रडणं अर्ध्या तासावर आलं होतं आणि वजन रोज २७ ग्रॅमने वाढत होतं.

आता हे कशाने झालं? गुळण्या कमी झाल्या त्याचं श्रेय मी दुधाच्या हिशोबाला देईन, त्या वयात त्या खरं तर वाढायला हव्या होत्या. रडणं कमी झालं त्याचं श्रेय मी कुणालाच देणार नाही, वय झालं. त्या आठवड्यात दुसरं कुठलं औषध सुरू झालं असतं तर त्याची जाहिरात झाली असती.

साडेचार महिन्यांना सर्दीत परत गुळण्या वाढल्या आणि रात्री फोटो आला, ‘हिरवी उलटी झाली.’ हा एक शब्द ऐकला की आम्ही जागेवरून उठतो, कारण लहान बाळाची हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे काही तासांत आतडं जातं, सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये तातडीने जायचं, सकाळची वाट बघायची नाही. फोटोत फुटलेलं पिवळट दूध आणि सर्दीचा शेंबूड होता, बाळ हसत होतं. पालेभाजीसारखा हिरवा तो हिरवा. तरीही फोटो पाठवला हे उत्तम केलं असंच मी म्हणाले.

बाकी कशाने मी बेत बदलला असता तेही लिहिते: उलटीत रक्त, फेकली जाणारी उलटी, वजन थांबणं, फुगलेली टाळू, मलूल बाळ, ताप, फुगलेलं पोट, शीत रक्त, पाजताना निळं पडणं किंवा ठसका लागणं, आणि वयाचा मुद्दा, म्हणजे गुळण्या सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू होणं किंवा दीड वर्षाच्या पुढेही चालू राहणं. मुदतीआधी जन्मलेली, अन्ननलिकेचं जन्मतः ऑपरेशन झालेली, सेरेब्रल पाल्सीसारखा मेंदूचा आजार असलेली मुलं यांचा हिशोब पूर्ण वेगळा, त्यांच्यात आजार खरा असण्याची शक्यता जास्त आणि औषध लागू शकतं. आठ-दहा वर्षांचं मूल छातीत जळजळ बोट ठेवून दाखवतं तेव्हाही ४ ते ८ आठवडे पीपीआय देऊन बघणं रास्त आहे, फक्त घास अडकतो म्हणत असेल तर दुर्बिणीने बघून इओसिनोफिलिक इसोफेजायटिस (अन्ननलिकेची ॲलर्जीसारखी सूज) नाही ना हे तपासावं लागतं. पीपीआय वाईट औषध आहे असं माझं म्हणणं नाहीच, जिथे सुजलेली अन्ननलिका आहे तिथे ते छान काम करतं.

सहाव्या महिन्यात वरचं खाणं सुरू झालं, बसायला लागली, गुळण्या आठवड्यात दोन-चारवर आल्या. नवव्या महिन्यात छातीत कफ होऊन दुसऱ्या एका ठिकाणी ॲडमिट झाली तेव्हा जुन्या फाइलमधलं ‘जीईआरडी’ (रिफ्लक्सचा आजार) बघून तिथे पीपीआय परत लिहिलं गेलं, आईने दिलं नाही, मला फोन करून विचारलं. त्यानंतर मी फाइलवरचा तो शब्द खोडून लिहून दिलं: गुळण्या, वजन उत्तम, १४ आठवड्यांना औषध बंद, आजार नाही. तेराव्या महिन्यात लसीला आली तेव्हा आईला गुळण्या कधी थांबल्या ते आठवत नव्हतं.